न दुखणाऱ्या कंबरेचा पट्टा

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, की माझी कंबर कधीच दुखली नाही. तरी दोन वर्षं मी कंबरेला पट्टा बांधून वावरले. बदामी रंगाचा, वीतभर रुंद, आत चार कडक पट्ट्या शिवलेला. तो अजून आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. घरी आलेल्या कित्येक बायकांनी तो हातात घेऊन बघितला, दाबून बघितला, आणि माझ्याविषयी हळहळ व्यक्त केली. मी ती हळहळ गुपचूप घेतली.

मला लिहायची सवय नाही. मी फॉल-पिको करणारी बाई, दहावीपर्यंत शिकलेली. पण काही माणसं दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात, आणि परत फिरल्याचं कुणाला सांगतही नाहीत. मी त्यातली एक. अशा माणसांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. डॉक्टरी माहिती यात मिळणार नाही, कारण ती मलाच नाही.

पाण्याचा दिवस

आम्ही गुलमंडीच्या बाजारामागच्या एका बोळात राहतो. आमचे हे गुलमंडीतल्याच एका कापडाच्या दुकानात सेल्समन आहेत. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. त्या दुकानातल्या साड्या फॉल-पिकोसाठी माझ्याकडं येतात. शेजारच्याच घरात मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई. आम्हाला एकच मुलगी, रेणू. मी सांगते आहे ते सुरू झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी सहा दिवसांनी, आणि येतं ते तासभर. पाण्याच्या दिवशी बाई घर सोडत नाही. जवळच्या नात्यात लग्न असलं तरी एकजण नळापाशी थांबते. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास नळातून हवेचा आवाज आला, मग पाणी आलं. शेजारच्यांची मोटार सुरू झालेली मी ऐकली. मी खाली चटईवर पडले होते. मनाशी म्हटलं, ऊठ. मग म्हटलं, नळी तरी ड्रमात टाक, बाकीचं राहू दे. नळी माझ्या हातापासून चार पावलांवर होती. पाणी तासभर मोरीतून वाहत राहिलं आणि गेलं, आणि मी ते पडल्यापडल्या ऐकलं.

हे दुपारी जेवायला आले. ड्रम कोरडे बघून म्हणाले, "पाणी आलं नाही का आज?"

"आलं होतं."

"मग?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन कॅन उचलले आणि भावाकडं पाणी मागायला गेले. संध्याकाळपर्यंत साऱ्या बोळात झालं, की मंगलनं पाणी सोडून दिलं.

त्याआधी वर्षभर हे हळूहळू वाढत होतं. जेवण मातीसारखं लागायचं. कुणी हसलं की ती माणसं पलीकडच्या कुठल्या तरी गल्लीत आहेत असं वाटायचं. मशीनवर बसलं की रडू यायचं. लोकांच्या लग्नाच्या साड्या, डाग पडला तर भरून कोण देणार, म्हणून साडी एका हातानं बाजूला धरायची आणि मग रडायचं. रडून झालं की पुन्हा फॉल. गिऱ्हाइकांना माझी टीप नेहमीसारखीच सरळ मिळायची, त्यामुळं कुणाला संशय आला नाही.

लोक विचारायचे, झालंय काय तुला? आणि मला खरंच सांगता यायचं नाही. नवरा दारू पीत नव्हता. मारत नव्हता. सासूबाई बिचाऱ्या कधीच वारल्या होत्या. लेकरू गुणी होतं. आमच्याकडं दुःखाला कारण लागतं, आणि माझ्याकडं ते नव्हतं. मी अंथरुणात पडून कारण शोधायचे आणि ते सापडलं नाही की स्वतःचीच लाज वाटायची.

दोन बाक

आमच्या गल्लीतले डॉक्टर चांगले. पित्ताच्या गोळ्या लिहून देता देता एकदा थांबले आणि म्हणाले, "मंगलताई, हे पित्त नाही. तुम्ही एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यात असतात." चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी महिनाभर पिकोच्या रिळांच्या डब्यात ठेवली.

भीती वाटायचं कारण होतं. जाऊबाईंच्या मुलीचं सिल्लोडच्या एका स्थळाशी जमत आलं होतं. पाहुणे चौकशी करतात. घराणं कसं, कुणाला काही आजार, कुणी वेडंबिडं. काकू मनाच्या डॉक्टरकडं जाते, एवढं कुणी सिल्लोडला पोचवलं असतं तर ते स्थळ गेलं असतं, आणि त्या पोरीच्या डोळ्यांना डोळा भिडवायची सोय मला राहिली नसती. दवाखाना आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. मला तो मुंबईपेक्षा लांब वाटायचा.

शेवटी एक दिवस कुणालाही न सांगता गेले. केसपेपर काढला. खिडकीतल्या माणसानं खोलीचा नंबर सांगितला. त्या बोळकंडीत दोन्ही बाजूंना बाक होते. डाव्या बाजूला मनाच्या डॉक्टरांचा दरवाजा, उजव्या बाजूला हाडांच्या. मी डावीकडं वळले, आणि उजवीकडच्या बाकावरून हाक आली.

"मंगल? तू इकडं कशी गं?"

जाऊबाई. त्यांच्या आईच्या मनगटाचं प्लास्टर काढायला आल्या होत्या.

मला विचार करायला वेळच नव्हता. तोंडातून निघालं, "कंबर."

"मग तिकडं कुठं चाललीस? हाडाचं इकडं हाय. ते येड्यांचं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मला जागा केली. "ये, बस. किती दिवस झाले दुखतीय? बोलायचं नाय का माणसानं?"

मी बसले. समोरच्या बाकावर पिवळी ओढणी घेतलेली एक मुलगी एकटीच बसली होती. मी उलटं वळताना तिनं माझ्याकडं बघितलं होतं. तिला सगळं कळलं असणार. मी नंतर तिकडं मान वर करून बघितलं नाही.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, आणि बोलायला मायाळू. पाठीवर बोट ठेवून विचारायचे, "इथं दुखतं?" मी म्हणायचे, हो. "इथं?" हो. "आणि इथं?" हो. कुठं दुखतंय हे इतक्या महिन्यांत कुणी एवढ्या शांतपणे विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. ते मला आवरेना. डॉक्टरांना वाटलं, वेदना फार आहेत. त्यांचं काय चुकलं? मी सांगितलं त्यावर त्यांनी इलाज केला. एक्स-रे काढला, पट्टा लिहून दिला. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि होईल तेवढं आडवं पडून राहायचं.

आडवं पडून राहायचं. मला तेवढंच येत होतं, आणि आता ते कागदावर लिहून मिळालं.

सेवा

त्यानंतर माझी जी सेवा झाली ती मी अजून विसरले नाही.

सकाळी दुकानात जायच्या आधी हे मला पट्टा बांधायचे. मी हात वर करून उभी राहायचे आणि ते मागून पट्टा ओढून घ्यायचे. विचारायचे, "घट्ट झाला का?" लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण इतक्या जपून त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. आणि मी मनात म्हणायचे, हे माझं नाही, हे कंबरेचं आहे. मी दुसऱ्याच्या नावावर आलेलं पार्सल रोज सही करून घेत होते.

जाऊबाईंनी डिंकाचे लाडू केले. तेल आणलं, स्वतः गरम करून चोळलं. पाण्याच्या दिवशी त्या आमचेही ड्रम भरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तिला वाकायचं नाय सांगितलंय." कारण मिळाल्यावर सगळे किती चांगले वागत होते. सिल्लोडचं स्थळही पक्कं झालं. लग्नात मी खुर्चीवर बसून होते, पट्टा बांधून, आणि नवरीच्या सासूनं येऊन माझ्या कंबरेची चौकशी केली.

रेणूला पट्टा कुठं ठेवायचा, कसा गुंडाळायचा, सगळं पाठ झालं होतं. एकदा ती मैत्रिणींबरोबर घर-घर खेळत होती. ती आई झाली होती. तिनं कंबरेला टॉवेल गुंडाळला आणि फरशीवर आडवी पडली. बाकीच्या पोरींनी स्वयंपाक केला. मी ते दारातून बघितलं आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या वर्षी मशीन बंद पडलं. बिघडलं नाही, मी बसणं सोडलं. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, अरे, आली जाग. जगू नये असं वाटायचं. ते मी कुणाला बोलले नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे. मी कुणाला सांगितलं असतं तर ओझं अर्धं झालं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, कंबरदुखीनं कुणी मरायच्या गोष्टी करतं का, आपलं खोटं उघडं पडेल.

एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते. रेणू शाळेतून आली. तिचे बूट दारात वाजले, मग आवाज थांबला. ती हळूच जवळ आली आणि माझ्या नाकापुढं बोट धरून उभी राहिली. माझा श्वास बोटाला लागल्यावर तिनं दप्तर खाली ठेवलं. तिच्या त्या सराईतपणावरून मला कळलं, की ही रोज असं करते. आठ वर्षांची पोर.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मला आबांकडं पाठवा." दुसरं काही सुचलंच नाही.

बसलेली मेंढी

माझं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. आम्ही मेंढरांमागची माणसं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर मेंढरं राखली. तेव्हा त्यांच्याकडं पंचवीस-तीसच उरली होती, म्हणून ते आणि माझा भाऊ ती गावालगतच चारायचे. आई मी सहा वर्षांची असताना गेली. तापानं गेली, असं घरात सांगायचे.

आबा एसटीनं आले आणि मला घेऊन गेले. शाळा चालू होती, म्हणून रेणू जाऊबाईंकडं राहिली. निघताना ती रडली नाही. तिनं पट्ट्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "विसरशील."

पहिल्या दिवशी संध्याकाळी अंगणात माझ्या हातातून तांब्या पडला. मी वाकून उचलला. आबा ओट्यावर बसून सुतळी वळत होते. त्यांनी बघितलं आणि पुन्हा सुतळीला हात घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा असंच काही तरी मी उचललं. तेव्हा म्हणाले, "माय, कंबर दुखणारं माणूस आधी गुडघ्यावर हात ठेवतंय. तू सरळ वाकतीस."

लंगडणारी मेंढी कुठल्या पायानं लंगडते ते त्यांना शंभर पावलांवरून कळायचं. त्यांच्यापुढं माझं नाटक किती टिकणार? त्यांनी पुढं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पट्टा काढून ठेव. गरम होतंय."

चार दिवसांनी एक मेंढी बसली. आमच्यात जनावर बसणं ही धास्तीची गोष्ट असते. आजारी जनावर उभं आहे तोवर आशा असते. बसलं, की ते खाणं सोडतं, पोट फुगतं, पाय आखडतात. मग त्याला दिवसातून तीन-चार वेळा उचलून उभं करावं लागतं. चालवायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं उभं धरायचं. पोटाखाली हात घालायचे, आपल्या दोन्ही गुडघ्यांत त्याला टेकू द्यायचा आणि थोडा वेळ थांबायचं. मग बसायचं असलं तर बसू द्यायचं.

आबा मला म्हणाले, "माझ्या हातांत आता जोर नाय. हिला तू उठव."

मी म्हटलं, "आबा, माझं मलाच उठवत नाही."

"व्हय. दिसतंय ते."

ते आत आले. मी घोंगडीवर पडले होते. त्यांनी खाली बसून माझ्या काखांत हात घातले आणि मला उभं केलं. सत्तरीचा म्हातारा. मी पस्तिशीची बाई. मला भिंतीला टेकवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. म्हणाले, "मेंढरं वाघरीतून बाहेर पडूस्तोवर उभी राहा. मग पड." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. त्यांनी जाळीचं एक टोक सोडलं आणि मेंढरं एकेक करून बाहेर पडली. मी बघत उभी राहिले. शेवटचं कोकरू गेल्यावर ते म्हणाले, "आता पड."

लोक आधीही मला ऊठ म्हणत होतेच. ऊठ, काय लोळतीस, कामात जीव घाल. ते सगळे लांबून म्हणत होते, आणि उठल्यावर पुढं पाणी भरणं, स्वयंपाक, हसणं असं सगळं त्यांना लगेच हवं असायचं. आबांना माझ्याकडून फक्त उभं राहणं हवं होतं. तेवढं मला जमलं.

मग रोज तीनदा तेच. मेंढरं निघताना, दुपारी ती सावलीला बसताना, आणि परत येताना. आबा मला उभं करायचे, मी मेंढीला उभं करायचे. दर वेळी तिचं ऊबदार पोट माझ्या हातांवर यायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी आबा आत यायच्या आधीच मी उभी होते. आनंद म्हणावा असं काही वाटत नव्हतं, मेंढी वाट बघत असेल म्हणून उठले होते. त्या दिवशी भाकरीला चव होती. किती दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही.

मेंढी नवव्या दिवशी मेली.

मी तिच्याजवळ बसून खूप रडले. आबांना म्हटलं, "मग काय उपयोग झाला?"

त्यांनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "उभं केलं म्हणून जगंलच असं नाय. पर बसून ठिवलं की जातंच." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुझी माय अशीच बसली व्हती. दोन पावसाळे. मला वाटलं, बाईमाणूस हाय, दमली असंल, पडू द्या. मेंढरू बसलं की मी पळत जायचो. तिला नाय उठवलं."

"तिला ताप होता ना?"

"ताप शेवटच्या आठ दिसांत आला. सांगायला बरं पडलं."

आबांच्या डोळ्यांत मी तोवर पाणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं, आणि पुसायलाही मला सुचलं नाही. दोघं मेलेल्या मेंढीजवळ बसून राहिलो. मग मावळतीला मेंढरं परत यायची वेळ झाली, आणि आम्ही उठलो.

परत आल्यावर

दीड महिन्यानं मी शहरात आले. बरी होऊन आले असं म्हणणार नाही. उभी राहायला शिकून आले. इथं वाघर नव्हती, म्हणून मी माझ्या वेळा ठरवल्या. रेणू शाळेला निघताना, दुपारी समोरचा दुकानदार शटर ओढताना, आणि दिवेलागणीला. त्या तीन वेळांना मी दारात उभी राहायचे, काही झालं तरी. उभं राहिल्यावर एखादं काम झालं तर झालं. काही दिवस फक्त उभंच राहणं झालं. पहिल्या पाण्याच्या दिवशी मी नळी ड्रमात टाकली आणि ड्रम भरेपर्यंत भिंत धरून उभी राहिले. जाऊबाई कौतुकानं सगळ्यांना सांगत होत्या, की डिंकाचे लाडू लागू पडले. म्हटलं, असू दे.

पट्टा हळूहळू सुटला. खोटं मात्र सुटलं नाही. "आता कंबर कशी आहे?" असं कुणी विचारलं की मी "बरी आहे" म्हणायचे. कारण दुसरं काय सांगायचं, ते मला अजून येत नव्हतं.

दुःखही गेलं नाही. ते कधी महिनाभर लांब राहायचं, कधी दिवाळी झाल्या झाल्या येऊन बसायचं. आबा पाच वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात त्यांना मी आणि भावानं मिळून दिवसातून तीनदा उभं केलं, आणि एक दिवस त्यांनी मानेनं नको म्हटलं. त्यानंतरचे सहा महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. माणसं म्हणतात, आपलं आपण सावरावं. मी सावरले, दहा वर्षं सावरतच आले. ते खोटं नाही. पण सावरण्यातच सगळं बळ गेलं, आणि त्या डाव्या बाकावर बसायचं राहूनच गेलं.

रेणू

रेणू आता कॉलेजात आहे. पुढचं तिला विचारूनच लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात तिचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. केस विंचरायची नाही. आम्ही म्हटलं, परीक्षा आहे. एका सकाळी मी फॉल लावत होते, तर ती दारात येऊन म्हणाली, "आई, तुझा तो पट्टा कुठंय गं?"

"कशाला?"

"कंबर दुखतीय. लई दिवस झाले."

मी कपाटातून पट्टा काढून दिला. तिनं तो बांधला, कुणी न सांगता, बरोब्बर. लहानपणी शंभर वेळा तिनं तो मला आणून दिलेला. बांधताना तिच्या हातातून मोबाईल पडला. तिनं सरळ वाकून उचलला. हात गुडघ्यावर गेला नाही.

मी मशीनवरून उठले. तिला घेऊन खाली बसले आणि म्हटलं, "रेणू, माझी कंबर कधीच दुखली नाही."

ती म्हणाली, "मग काय दुखत होतं?"

"तुझं दुखतंय तेच."

तेव्हा ती रडली. लहानपणी रडायची राहिलेली सगळी रडली. मी तिच्या कंबरेचा पट्टा सोडला आणि तिला धरून बसले. ती म्हणाली, "मला वाटलं, कंबर म्हटलं की कुणी काही विचारणार नाही." हे तिला कुणी शिकवलं, ते सांगायची गरज नव्हती. माझ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

रात्रीवर न ढकलता मी ह्यांना दुपारीच सांगितलं, ते जेवायला आल्यावर. दोघींचंही. पानावर हात तसाच ठेवून ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला कधी कधी वाटायचं, की कंबर नसावी. पण कंबर म्हटलं की मला पट्टा बांधता येत होता. दुसरं असतं तर काय बांधायचं, ते मला कळलं नसतं." आणि जेवण अर्धं ठेवून रेणूच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, तर जाऊबाई दारात. "कुठं निघाल्या मायलेकी?"

पूर्वीचा शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला. "दवाखान्यात. मनाच्या डॉक्टरांकडं."

जाऊबाई आता थकल्या आहेत. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रेणूकडं. म्हणाल्या, "आज पाण्याचा दिवस हाय. दार उघडं ठेवून जा, मी भरते."

तोच दवाखाना. बोळकंडीला नवा रंग दिलेला, बाक मात्र तेच. उजवीकडं हाडांच्या डॉक्टरांपुढं गर्दी होती, एक बाई पट्टा बांधून बसली होती. रेणूनं माझा हात घट्ट धरला. आम्ही डावीकडं वळलो. बाकावर एकच जागा रिकामी होती. शेजारी सिल्लोडकडची वाटावी अशी एक म्हातारी बाई मोठी पिशवी घेऊन बसली होती. तिनं आम्हाला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुणाला दाखवायचंय?"

माझ्या मुठीत दोन केसपेपर होते.

"दोघींना," मी म्हटलं.

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून आम्हाला जागा करून दिली.